वईपलीकडचं मांजर

लग्न होऊन मी नागावला आले, त्याच वर्षी चैत्रात अवकाळी पाऊस पडला आणि कांद्याचे गोंडे शेतातच कुजले. पांढऱ्या कांद्याचं बी धरायचं तर निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावतात. त्यांना गोंडे येतात, ते वाळले की चोळून काळं बारीक बी काढतात. हे बी वर्षभरच टिकतं. पुढच्या साली पेरलं तर उगवत नाही. म्हणजे एका वर्षी बी बुडालं की घरातला कांदाच संपला. सासरी तो कांदा मामंजींच्या आजीपासून चालत आला होता, आणि दुसऱ्याच्या दारात बी मागायला जाणं मामंजींच्याने कधी झालं नसतं.

मी घरात पाऊल ठेवलं वैशाखात. पाऊस पडला तेव्हा माझं लग्न नुसतं ठरलेलं होतं. पण आळीत एक दोन बायकांनी तेवढ्यावरून जुळवाजुळव केलीच. ‘सून ठरली नि बी कुजलं.’ हे माझ्या तोंडावर कोणी बोललं नाही, पण मी विहिरीवर गेले की बोलणं थांबायचं, ते मला समजत होतं. माझे यजमान मुंबईला छापखान्यात होते. ते गणपतीला आणि शिमग्याला येत. एरवी घरात आम्ही चौघं. मामंजी, सासूबाई म्हणजे आत्याबाई, माझे धाकटे दीर आणि मी.

कुजलेल्या गोंड्यांतूनही आत्याबाईंनी एकेक दाणा वेचून करवंटीभर बी काढलं होतं. भातं कापून झाली, कार्तिक संपत आला, तेव्हा मामंजींनी रोपासाठी जागा निवडली ती नेमकी वईच्या, शेजारच्या काटेरी कुंपणाच्या, कडेची, वाकड्या माडाच्या बुडाशी. माती रेताड, भुसभुशीत, ऊन भरपूर, विहीर जवळ. रोपाला याहून चांगली जागा वाडीत नव्हती.

“तिथं नको,” आत्याबाई म्हणाल्या.

“का नको?”

आत्याबाई माडाकडं बघत राहिल्या. मामंजींनी माती बारीक केली, राख मिसळली, हाताने सारखी केली आणि बी फोकून दिलं. मग हात झटकत ते उठले आणि आत्याबाई माझ्याकडं वळल्या. “हा वाफा तुझ्याकडं गो. पाणी तू घालायचं, राखण तू करायची.”

मी मान हलवली. रोप आलं तर आलं. नाही आलं, तर आळीतल्या बायकांचं म्हणणं खरं ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालायला गेले तर वाफ्याच्या मधोमध उकरलेलं होतं. खड्डा करून, घाण करून, वर माती ओढलेली. मी वर पाहिलं. वईच्या पलीकडं पडवीच्या पायरीवर करड्या पट्ट्यांची एक मांजरी बसून पाय चाटत होती.

ती मांजरी हवालदारांची. बसऱ्याच्या लढाईवर गेलेला हा माणूस लढाई संपून बराच काळ लोटल्यावर परत आला होता. तिकडं आजारात खितपत पडला, की कैदेत होता, हे गावाला नीट कधी कळलं नाही. तो मेला अशीच खबर गावात आलेली होती. परत आला तेव्हा त्याची म्हातारी आई वारलेली होती, आणि आमच्या त्यांच्या वाडीमधली वई वाकड्या माडाच्या पलीकडं सरकलेली होती. माड त्यांच्याकडचा आमच्याकडं आलेला. मामंजी म्हणाले, ‘तुझ्या आईनं मरताना मला दिला.’ हवालदार म्हणाले, ‘माझी आई असं करणार न्हाय.’ कागद नाही, साक्षीला कोणी नाही. एका आळीत वाढलेले, एका होडीतून उंदेरी खांदेरीपर्यंत जाणारे दोन मित्र त्या दिवसापासून एकमेकांशी बोलले नव्हते. ही हकीगत मला सासरी आल्याआल्या सांगण्यात आली, आणि तिच्याबरोबर ताकीद, की वईपलीकडं बोलायचं नाही, बघायचंसुद्धा नाही.

हवालदार एकटे राहत. ना बायको, ना मूल. ते बोलत फक्त त्या मांजरीशी. तिला त्यांनी नाव ठेवलेलं नव्हतं. ‘ये गो’ म्हणत, आणि ती येई. संध्याकाळी भाकरीत बोंबील कुस्करून आधी तिला घालत, मग आपण जेवत. कोणाच्या पोराने तिला दगड मारला होता, तर हवालदार कोयता घेऊन त्या घरापर्यंत गेले होते म्हणे.

“मांजराला हात लावायचा न्हाय,” आत्याबाईंनी मला बजावलं. “एक तर तो माणूस तसा. नि मांजर मेलं आपल्या हातानं, तर सोन्याचं मांजर करून काशीला न्यावं लागतं. आपल्याकडं पितळेचं न्हाय व्हायचं.”

मग मी काय काय केलं! बोरीच्या काट्या आणून वाफ्यावर पसरल्या. मांजरीने काट्यांमधली मोकळी जागा शोधून तिथंच उकरलं. पपनसाच्या साली टाकल्या. दोन दिवस ती फिरकली नाही, साली वाळल्या तशी परत आली. झावळ्या आडव्या टाकल्या, तर खाली ऊन पोचेना. शेवटी मी तिथंच बसून राहायला लागले. निवडायचं, टिपायचं, शिवायचं जे काही काम असेल ते घेऊन माडाच्या बुडाशी. मांजरी वईच्या पलीकडं बसे, मी अलीकडं. दोघी एकमेकींकडं पाहत असू. मला चुलीकडून हाक आली की मी उठे, आणि परत येईस्तोवर ती काम उरकून गेलेली असे.

एवढ्यातही रोप वर यायला लागलं होतं. सुईसारखे हिरवे कोंब, वाकलेले, टोकाला काळं बी अडकलेलं. उगवेपर्यंत एक भीती होती, उगवल्यावर ती दुप्पट झाली.

एका दुपारी मी मागच्या पडवीत गेले तर धाकटे दीर जात्याशेजारी दगडावर काहीतरी ठेचत बसले होते. गोल चपट्या बिया, बटणासारख्या. मी त्या माहेरी पाहिल्या होत्या. काजऱ्याच्या बिया. पिसाळलेली कुत्री मारायला त्या वापरत. शेजारी सुक्या मांदेलीची मूठ ठेवलेली होती.

“हे काय भाऊजी?”

“तुम्ही बघू नका वयनी. एकदाच काय तो निकाल.”

“आत्याबाईंना माहीत हाय?”

“न्हाय. नि तुम्ही सांगायचं पण न्हाय. बाबांनी काय कमी सोसलं त्या माणसाचं? आता घरातलं बी पण त्याच्या मांजराला द्यायचं?”

ते तापट होते, पण वाईट नव्हते. वडिलांचा अपमान त्यांना लहानपणापासून सलत होता. मी तिथंच खाली बसले. म्हटलं, “मला थोडे दिवस द्या. रोप बोटभर झालं की माती धरतं, मग ती उकरणार न्हाय. तोवर मी दुसरं काहीतरी करते. ते जमलं न्हाय तर मग तुमचं तुम्ही बघा.”

मग त्यांनी ती पूड केळीच्या पानात गुंडाळली आणि वर आढ्याला खोचली. “थोडेच दिवस,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मासळी विकायला येणाऱ्या बाईला मी म्हटलं, जुनं जाळं असेल तर मला हवं. तिने सुताचं फाटकं जाळं आणून दिलं. वाफ्याच्या चारी बाजूंनी मी बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि जाळं त्यांच्यावर ताणून बांधलं. ऊन आत जाई, पाणी आत जाई, मांजरी जाईना. ती आली, पंजाने जाळं चाचपलं, चहूबाजूंनी फिरली आणि निघून गेली. मी घरात जाऊन देवाला हात जोडले. आत्याबाई म्हणाल्या, “डोकं हाय तुला.” सासरी आल्यापासून एवढं कौतुक मी ऐकलं नव्हतं.

पण आढ्यातली पुडी काही खाली आली नाही. मी रोज वर बघत असे.

मग तो दिवस आला. मामंजी आणि दीर शेतात नांगर घेऊन गेले होते, कांद्याची जमीन करायला. आत्याबाई चौलला देवदर्शनाला गेलेल्या. घरात मी एकटी. भात उतरवत होते, तोच वाडीतून असा आवाज आला की माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. तान्हं मूल किंचाळावं तसा.

धावत गेले. मांजरी जाळ्यात गुरफटली होती. एका कडेची खुंटी सैल झाली असावी. तिथून ती आत शिरली आणि बाहेर पडताना दोरा मानेत अडकला. आता ती लोळत होती, उड्या घेत होती, आणि प्रत्येक उडीबरोबर जाळं आणखी आवळत होतं. खुंट्या उपटल्या गेल्या. रोपं तिच्या अंगाखाली चिरडत होती. मी वाकून जाळं धरलं तर तिने माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत नखं ओढली. रक्त आलं. मी सोडलं नाही, पण गाठ सापडेना. तिचा आवाज बारीक होत चालला. डोळे बाहेर आले होते.

वई मोडल्याचा आवाज झाला. मी मान वर केली. हवालदार काट्यांतून सरळ आत आले होते. पायाला ओरखडे, धोतर फाटलेलं, हातात कोयता.

“फास लावलास?”

मी जाळ्याची गाठ शोधतच होते.

“फास लावलास माझ्या मांजरीला?”

“न्हाय काका,” मी कशीबशी म्हटलं. “जाळं हाय. रोपावर घातलेलं. शपथ.”

त्यांनी कोयता उचलला. मी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा ते गुडघ्यावर बसून कोयत्याच्या टोकाने मानेजवळचा दोरा कापत होते. “धर,” ते ओरडले, “मागचे पाय धर तिचे.” मी धरले. एक दोरा, दुसरा, तिसरा. मान सुटली. पण तोवर मांजरी ढिली पडली होती. हलत नव्हती. पुढचा पाय विचित्र वाकलेला.

त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, तिला त्यात गुंडाळलं आणि उराशी धरलं. उठताना त्यांनी खाली पाहिलं. वाफ्याकडं, चिरडलेल्या रोपांकडं, माझ्या हाताकडं. आणि एवढ्या रागातही रोपांवर पाय न देता कडेकडेने गेले. वईपाशी थांबून मागं न वळता म्हणाले, “हिचं काय झालं, तर बघ.”

संध्याकाळी सगळी घरी आली तेव्हा मी सगळं सांगितलं. आत्याबाई खाली बसल्या. त्यांनी माझा हात हळदीने भरला, पण तोंडाने सारखं एकच, “मेली तर? गो, मेली तर?” दीर उठून काठी घेऊन आले आणि ती दाराशी उभी केली. मामंजी जेवायला बसले. मग त्यांनी विचारलं, “तो आत आला?”

“व्हय.”

“तू बोललीस त्याच्याशी?”

“त्यांनी विचारलं, म्हणून...”

ते ताटावरून उठले. भात तसाच राहिला.

पुढचे दिवस कसे गेले ते मला अजून आठवतं. मांजरी पायरीवर दिसेना. हवालदार पडवीत बसलेले दिसत, भिंतीला टेकून, कोयता शेजारी. ते आमच्या घराकडं बघतात की समुद्राकडं, कळत नसे. मोडलेली वई कोणी नीट केली नाही, आम्ही नाही, त्यांनी नाही. दीर त्या भगदाडावर डोळा ठेवून असत. आत्याबाईंनी आढ्यातली पुडी पाहिली, उघडली, आणि दिरांच्या थोबाडीत दिली. वाढलेल्या मुलाला मारताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं. पुडी त्यांनी खाडीत नेऊन टाकली. वाफ्याचं अर्धं रोप गेलं होतं. उरलेलं मी आणि आत्याबाईंनी माती लावून उभं केलं.

मांजरी जिवंत आहे की मेली, एवढंसुद्धा ठाऊक नाही. ते मला सोसेना. एके दुपारी मामंजी आणि दीर शेतात असताना मी वाटीत दूध घेतलं आणि भगदाडापाशी जाऊन उभी राहिले.

“काका,” मी हाक मारली.

ते हळूच उठले. वईपर्यंत आले. दाढी वाढलेली होती.

“जगली का ती?”

“जगली. गिळत न्हाय. गळा सुजलाय.”

मी वाटी पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही. माझ्या हातावरच्या खपल्यांकडं बघत राहिले. मग वाटी घेतली आणि म्हणाले, “तुझी सासू माझ्या आईच्या शेवटाला होती ना?”

“मला ठाऊक न्हाय काका. मी यंदाच आले.”

“होती. मला गाववाल्यांनी सांगितलं. तुझा सासरा नि सासू, दोघंच होती. तिला विचार, आई काय बोलली शेवटी. तिला पाणी कुणी पाजलं. एवढं विचार. इतकी वर्षं कुणाला विचारू?”

ते परत गेले. मी तिथंच उभी. ज्या घराशी बोलायचं नाही त्या घराचा निरोप माझ्या पदरात पडला होता.

आत्याबाई भाकरी थापत होत्या. मी खालमानेने सांगितलं. त्यांचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी त्या हलेनात. मी भाकरी उलटली.

“यांनी मला शपथ घातलेली हाय,” शेवटी त्या म्हणाल्या. “स्वतःच्या गळ्याची. कुणाला सांगायचं न्हाय म्हणून.”

त्या पुढची भाकरी थापायला लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हात धुतले, पदर नीट केला, आणि मला म्हणाल्या, “चल माझ्याबरोबर.”

त्या वईपाशी उभ्या राहिल्या तेव्हा हवालदार पडवीतून उठून उभे राहिले.

“भावजी,” आत्याबाईंनी हाक मारली. पूर्वी त्या त्यांना असं म्हणत, ते मला तेव्हा कळलं. “तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शपथ मोडून सांगते.”

ते जवळ आले.

“तुमची आई तापानं पडलेली. शेवटी शेवटी डोळ्याला दिसत न्हवतं, शुद्धही न्हवती. सारखी तुमच्या नावानं हाक मारी. सकाळपास्नं हाक, हाक, हाक. घसा फुटला तरी थांबेना. आम्ही सांगायचो, येईल, येतोय. तिला ऐकू जाईना. मग यांनी...” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “यांनी ओ दिली. म्हणाले, आलो आई. तिनं यांचं तोंड चाचपलं, हात धरला. म्हणाली, आलास? वाकडा माड तुझा हाय हां, दुसऱ्या कुणाला द्यायचा न्हाय. मग मी तोंडात पाणी घातलं. तिनं ते गिळलं. नि झोपली ती झोपलीच.”

हवालदारांनी वईची एक फांदी धरली होती. काटे होते तिला. ते त्यांना कळत नसावं.

“तुम्ही गेलात अशीच खबर होती हो,” आत्याबाई म्हणाल्या. “यांना वाटलं, तिनं दिला तो माड. हात यांचाच होता ना तिच्या हातात.”

मागं पाचोळा वाजला. मामंजी उभे होते. बैलाची साखळी तुटली म्हणून मधेच घरी आले होते. त्यांच्यामागं दीर. दोघांनी किती ऐकलं होतं कोण जाणे, पण मामंजींचा चेहरा पाहून मी बाजूला सरले.

आत्याबाईंकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते थेट वईपाशी आले. दोघं पुरुष समोरासमोर, मध्ये भगदाड. दिरांनी काठी घट्ट धरली.

“ओ तू दिलीस?” हवालदारांनी विचारलं.

“व्हय.”

“माझ्या नावाच्या हाकेला?”

“मग काय करायचं होतं?” मामंजी एकदम ओरडले. “थांबत न्हवती रं ती! तू न्हवतास तिथं. मी होतो. कानात बोटं घालून बसायचं होतं?”

हवालदारांनी माडाकडं बोट केलं. “नि माड?”

“तिनं दिला. हात माझा होता.”

“नाव माझं होतं.”

हवालदार वळले आणि घरात गेले. दार लावल्याचा आवाज आला. त्या संध्याकाळी आमच्याकडं चूल पेटली, पण कोणी जेवलं नाही.

सकाळी मी उठले तेव्हा मामंजी कोयता घेऊन वई तोडत होते. जुन्या काट्या ओढून काढत, नव्या खुंट्या अलीकडं ठोकत.

“बाबा, काय करताय?” दीर धावले.

“वई सरकवतोय.”

“पण वाफा! वाफा तिकडं जाईल आपला!”

“जाऊ दे.”

“घरातलं सगळं बी हाय त्यात!”

“मी पेरलं ते. मला ठाऊक हाय.”

आत्याबाई ओट्यावर बसून बघत राहिल्या. दुपारपर्यंत वई वाकड्या माडाच्या अलीकडं आली. माड तिकडं, माडाच्या बुडाचा वाफा तिकडं. आणि वाफ्यावर आता जाळंही नव्हतं. हवालदार पडवीतून सगळं बघत होते.

“पाणी कोण घालणार?” मी मामंजींना विचारलं. तसं विचारायची माझी ती पहिलीच वेळ.

“ज्याची जमीन, तो बघेल.”

माझ्यासाठी सगळ्यांत अवघड काळ तोच होता. हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर रोपं सुकत होती. उन्हाने माना टाकायला लागली. मी कळशी भरून वईपाशी ठेवली आणि पलीकडं पाऊल टाकायची हिंमत होईना. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. आता गेली, मी मनात म्हटलं. गेली.

ऊन उतरताना हवालदार मडकं घेऊन वाफ्यापाशी आले. वईवरून माझ्याकडं बघत म्हणाले, “किती घालायचं?”

“धार नको काका,” मी घाईघाईने म्हटलं. “शिंपडायचं. नाहीतर मुळं उघडी पडतात.”

त्यांनी ओंजळीने शिंपडलं. भाताच्या कणीला पाणी लावावं तसं हलकं. एवढ्यात मांजरी लंगडत आली. मानेभोवतीचे केस गेलेले, पुढचा पाय फडक्याने बांधलेला. ती वाफ्याच्या कडेला आली, माती हुंगली, आणि पंजा उचलला.

“हाट्!” हवालदार खेकसले.

मांजरीने त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू हा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी तिला उचलून नेलं. थोड्या वेळाने ते टोपली घेऊन समुद्राकडं गेले आणि पुळणीची कोरडी वाळू आणून घरामागं सुरूच्या झाडाच्या सावलीत ओतली. पुन्हा गेले, पुन्हा आणली. मांजरीला तिथं नेऊन ठेवलं. ती उठून चालती झाली. त्यांनी परत नेऊन ठेवलं. मी अलीकडून बघत होते, हसावं की रडावं ते कळेना.

वाळूची तिला सवय झाली, पण पुरती नाही. कधी तरी वाफ्याकडं वळायचीच. मग हवालदारांनी पडवीतला पाट बाहेर आणला आणि माडाखाली बसायला लागले, शेजारी काठी. आपल्या मांजरीपासून आमच्या कांद्याची राखण करत. मामंजी शेतातून येताना ते बघत आणि मान खाली घालून घरात जात. दीर एकदा म्हणाले, “आता त्यानं रोप माझं म्हटलं तर?” त्यावर मामंजी म्हणाले, “म्हटलं तर म्हटलं.” पण रोपाची चौकशी मात्र ते माझ्याकडं रोज करत. किती उंच झालं, रंग कसा आहे, माना सरळ आहेत का.

पौषात लावणीची वेळ आली. रोप काढायला हवं होतं, आणि निरोप कोणी द्यायचा यावर घरात दोन दिवस घुटमळणं चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी वईवर रोपाच्या जुड्या ओळीने ठेवलेल्या होत्या, माडाच्या झावळीच्या हिरांनी बांधलेल्या, मुळांना ओली माती. हवालदार पलीकडं उभे.

मामंजी गेले. एक जुडी हातात घेऊन बघितली.

“जमीन माझी,” हवालदार म्हणाले. “रोप तुझं.”

“व्हय,” मामंजी म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, “एक जुडी तू ठेव.”

“मला कांदा लावता येत न्हाय. मी सगळं आयुष्य पलटणीत घालवलं.”

“येईल.”

हवालदारांनी वाफ्याच्याच मोकळ्या जागेत रोप लावायला घेतलं. मामंजी वईवरून सांगत राहिले. जवळ जवळ नको, चार बोटं ठेव. खोल नको. दाबू नको एवढं. हवालदारांना ते जमेना. एक रोप आडवं पडलं, दुसरं मोडलं. मामंजी शेवटी वैतागले. ‘असं न्हाय रं,’ म्हणत त्यांनी वईच्या काट्या बाजूला सारल्या आणि पलीकडं जाऊन बसले. मी आणि आत्याबाई उरलेल्या जुड्या टोपलीत भरून शेतावर निघालो.

आमचं शेत त्या साली अर्धंच भरलं. उरलेल्यात वाल पेरला. कांदा बेताचाच आला, पण आत्याबाईंनी चांगले चांगले निवडून बियाण्याला बाजूला काढले आणि पुढच्या साली गोंडे सुखरूप हाती लागले. मामंजी आणि हवालदार यांच्यात बोलणं पुढंही कमीच राहिलं. जेवढं होई ते पावसावर आणि मासळीवर. माडाचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. माझ्या मनगटावरचे व्रण मात्र बरेच दिवस राहिले. शिमग्याला माझे यजमान आले तेव्हा त्यांनी हात धरून विचारलं, हे काय झालं. मी त्यांना सगळं सांगत बसले आणि सांगता सांगता दुपार टळून गेली.